पुण्याच्या सिटी चर्चचा काल आणि नांव

पुण्यांत नाना पेठेंत क्वार्टर गेटाजवळ जें सिटी चर्च आहे, त्याची इमारत पेशवेकालीन असें पुष्कळ लोक समजतात. तें बरोबर नाहीं. सवाई माधवरावांनीं फौजेंतील ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठीं जागा दिली ती १७९२ सालीं. आजची दगडी वास्तु १८५२ ची, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर ३४ वर्षांनीं झालेली आहे. सबब तिच्या भिंतींवरून पेशवेकालाविषयीं अनुमान करूं नये.

जुनें राहिलें तें नांव. हें चर्च मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवास वाहिलेलें आहे. पोपनें हें मत धर्मसिद्धांत म्हणून जाहीर केलें तें १८५४ त. परंतु पोर्तुगालच्या राजानें १६४६ तच या रूपांतील मरियेस राज्याची रक्षणकर्ती मानिलें होतें, व पणजीस या नांवाचें चर्च १५४१ पासून आहे. तेव्हां पुण्याचें हें नांव गोंव्याच्या वाटेनें आलें, असें आम्ही समजतों. (संस्कृतज्ञांस 'अमलोद्भवा' हा शब्द अधिक रुचेल.)

वसई पोर्तुगीजांकडून घेतली १७३९ त. पुढें ५३ वर्षांनीं त्याच घराण्यांतील पेशव्यानें त्याच पंथाच्या शिपायांस आपल्या राजधानींत जागा दिली. ही गोष्ट आम्हांस वास्तूच्या वयाहून मोलाची वाटते. ज्यांच्या दप्तरांत या जागेच्या सनदेची नक्कल असेल, त्यांनीं ती मंडळाकडे अवश्य पाठवावी.