यंत्रबुद्धि आणि राजदंड

नवें साधन जन्मास आलें, कीं त्यास मोकळें सोडावें कीं आवरावें, हा प्रश्न राजसत्तेपुढें उभा राहतो. छापखाना आला तेव्हां तो पडला होता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतींत पडला आहे. आशियांतील राज्यांनीं त्यास दिलेलीं उत्तरें परस्परांहून भिन्न आहेत.

चीननें प्रथम कंबर कसली. एकच मोठा कायदा न करतां, अडचण दिसेल तसतसा नियम करावा, ही तेथील रीत. मार्च २०२२ पासून ग्राहकापुढें बातम्या व माल निवडून मांडणाऱ्या यंत्रपद्धतींवर, जानेवारी २०२३ पासून बनावट चेहरे व आवाज घडविणाऱ्या साधनांवर, आणि ऑगस्ट २०२३ पासून मजकूर व चित्रें रचणाऱ्या सेवांवर निर्बंध आले. यामुळें फसवणुकीस आळा बसतो खरा. परंतु समाजवादी मूल्यें पाळण्याची अटहि त्यांतच असल्यामुळें यंत्रानें काय बोलावें हेंहि राज्यच ठरवितें.

सिंगापूरनें याच्या उलट, २०१९ सालीं एक आदर्श चौकट आंखून ती स्वेच्छेनें पाळण्यास सांगितलें. जपाननें मे २०२५ मध्यें कायदा केला, पण त्यांत दंडाचें कलम घातलें नाहीं. उत्तेजन हाच त्याचा हेतु. दक्षिण कोरियाचा कायदा डिसेंबर २०२४ मध्यें संमत होऊन २२ जानेवारी २०२६ रोजीं अंमलांत आला. त्यांत तीन कोटी वॉनपर्यंत दंड आहे. मात्र आरंभीं निदान वर्षभर तो न आकारण्याचें सरकारनें जाहीर केलें.

हिंदुस्थानचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. १ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारनें सूचनापत्र काढून, पुरती पारख न झालेलीं यंत्रें लोकांस देण्यापूर्वीं परवानगी घ्यावी, असें बजावलें. नव्या उद्योजकांनीं ओरड केली, आणि १५ मार्च रोजीं ती अट गळाली. नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तूर्त स्वतंत्र कायद्याची गरज नसल्याचें सांगण्यांत आलें.

परवाना मागितला तर उद्योग खुंटतो, न मागितला तर नागरिक उघडा पडतो. यंत्राच्या निर्णयामुळें ज्याचें कर्ज नाकारलें गेलें, वा नोकरी हुकली, त्यानें दाद कोणाकडे मागावी? यंत्रास न्यायासनापुढें उभें करतां येत नाहीं. त्याच्यामागील मनुष्य शोधून त्यास जबाबदार धरणें, हीच या सर्व कायद्यांची खरी कसोटी होय.