इंपोर्टिन रोधक

पेशीद्रव्यात तयार झालेली प्रथिने केंद्रकात वाहून नेणाऱ्या इंपोर्टिन या वाहक प्रथिनांचे कार्य रोखणारी संयुगे. यांत लहान रेणूंची रसायने आणि कृत्रिम पेप्टाइडे असे दोन मुख्य प्रकार येतात. पेशीविज्ञानातील प्रयोगांसाठी त्यांचा उपयोग होतो; विषाणूजन्य रोग आणि कर्करोग यांवरील संभाव्य औषधे म्हणूनही त्यांचा अभ्यास चालू आहे.

आयातीची यंत्रणा : केंद्रकाच्या आवरणात सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांनी बनलेली छिद्रसंकुले असतात. साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा लहान रेणू त्यांतून आपोआप ये-जा करू शकतात. मोठ्या प्रथिनांना मात्र वाहक लागतो. अशा प्रथिनांच्या साखळीत केंद्रकाकडे नेणारा संकेत असतो. लायसीन व आर्जिनीन ही ॲमिनो आम्ले विपुल असलेला या संकेताचा अभिजात प्रकार १९८४ मध्ये एसव्ही४० विषाणूच्या प्रथिनात निश्चित झाला. इंपोर्टिन-अल्फा हा संकेत ओळखून प्रथिनाला धरते, इंपोर्टिन-बीटा या जोडीला छिद्रातून पार नेते. केंद्रकात रॅन हे प्रथिन जीटीपी या रेणूशी बांधलेल्या रूपात विपुल असते. ते इंपोर्टिन-बीटाला जोडले गेले की आणलेले प्रथिन मोकळे होते आणि वाहक पेशीद्रव्यात परततात. रोधक या साखळीतील वेगवेगळ्या दुव्यांवर काम करतात.

प्रमुख रोधक : (१) इंपोर्टाझोल – अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०११ मध्ये याची माहिती प्रसिद्ध केली. इंपोर्टिन-बीटा आणि रॅन यांच्यातील आंतरक्रियेत ते अडथळा आणते. (२) आयएनआय-४३ – दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन विद्यापीठात शोधलेले हे संयुग इंपोर्टिन-बीटावर परिणाम करते. अन्ननलिका व गर्भाशयमुखाच्या कर्करोगपेशी रोपलेल्या उंदरांमध्ये त्याने गाठींची वाढ मंदावली (२०१६). (३) बायमॅक्स पेप्टाइडे – ही इंपोर्टिन-अल्फाला इतकी घट्ट चिकटतात की खऱ्या प्रथिनांना जागाच उरत नाही. (४) एम९एम – दोन नैसर्गिक संकेतांचे भाग जोडून २००७ मध्ये रचलेले हे पेप्टाइड ट्रान्सपोर्टिन या वेगळ्या वाहकाला रोखते. इंपोर्टिन अल्फा-बीटाचा अभिजात मार्ग त्यामुळे बंद होत नाही. कोणते प्रथिन कोणत्या वाहकाने जाते हे ठरवण्यासाठी अशी निवडक पेप्टाइडे विशेष उपयोगी पडतात.

आयव्हरमेक्टिनचे उदाहरण : परजीवी कृमींवरील हे जुने औषध. त्याच्या शोधासाठी विल्यम कँबेल व सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की ते इंपोर्टिन अल्फा-बीटा मार्गाने होणारी आयात रोखते आणि प्रयोगशाळेत एचआयव्ही व डेंग्यू विषाणूंची वाढ कमी करते. डेंग्यूचे एनएस५ प्रथिन याच मार्गाने केंद्रकात जाते.

एप्रिल २०२० मध्ये संवर्धित पेशींतील कोरोना विषाणूवरही त्याचा परिणाम दिसला. मात्र प्रयोगात वापरलेले ५ मायक्रोमोलर हे प्रमाण, नेहमीच्या मात्रेनंतर रक्तात आढळणाऱ्या प्रमाणाच्या कित्येक पट होते. तरीही अनेक देशांत औषधाचा वापर वाढला. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडसाठी ते केवळ वैद्यकीय चाचण्यांतच वापरावे असे सांगितले होते. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १८ वर्षांवरील सर्वांना ते प्रतिबंधासाठी देण्याची घोषणा केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारताच्या राष्ट्रीय उपचार-सूचनांतून ते वगळण्यात आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत रुग्णांना लक्षणीय फायदा आढळला नाही.

मर्यादा : एकच इंपोर्टिन निरोगी पेशीतील असंख्य प्रथिनांची ने-आण करते. त्यामुळे वाहकच बंद केल्यास रोगाशी संबंध नसलेली प्रथिनेही अडतात. काही रोधकांचे इतर लक्ष्यांवरील परिणाम वेगळे काढणे कठीण असते. आयव्हरमेक्टिन कृमींमध्ये तर क्लोराइड आयनांच्या मार्गांवर काम करते. पेप्टाइडांना पेशीपटल ओलांडणे अवघड जाते, म्हणून ती बहुधा पेशीतच तयार करवून किंवा पेशीत शिरणारा तुकडा जोडून वापरतात.

केंद्रकातून बाहेर नेणाऱ्या एक्सपोर्टिन-१ या वाहकाच्या बाबतीत मात्र प्रगती झाली आहे. त्याला रोखणाऱ्या सेलिनेक्सॉर या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. वाहक प्रथिने हे औषधाचे लक्ष्य होऊ शकते, हे त्यावरून सिद्ध झाले. इंपोर्टिन रोधक प्रयोगशाळेत मोलाचे ठरले आहेत. पण केंद्रकातील आयात रोखण्याच्या गुणासाठी मान्यता मिळालेले औषध त्यांतून अद्याप निघालेले नाही.