'रजा' आणि रझाकार

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. १९४८ साली तिच्या पैलतीरी निजामाचे हैदराबाद संस्थान होते, आणि रझाकारांच्या भयाने तिकडील कुटुंबे नदी ओलांडून अलीकडे आश्रयास येत होती. पुढे मराठवाड्यात जुलमी कारभारालाच 'रझाकारी' म्हणू लागले.

मूळ शब्द मात्र निरुपद्रवी, किंबहुना सुंदर आहे. अरबीत 'रिझा' म्हणजे संतोष, संमती. फारसीत 'कार' म्हणजे करणारा. सक्तीवाचून, आपखुशीने कार्य करतो तो रझाकार, म्हणजे आपला स्वयंसेवक! उर्दूत आजही पूरग्रस्तांच्या मदतीस धावणाऱ्यास हाच शब्द आहे. त्याला परका तरी कसे म्हणावे? आपल्या मुलांची शाळेतली 'रजा', तसेच 'राजी', 'नाराज', 'राजीनामा' ही सारी त्याच अरबी धातूची लेकरे. आणि वऱ्हाडातला शेतकरी स्वतःला 'कास्तकार' म्हणवतो, त्यातले 'कार' हेच.

इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने आपल्या स्वयंसेवकांना हे नाव दिले. १९४६ मध्ये लातूरचे वकील कासीम रझवी तिचे अध्यक्ष झाले (हे आडनावही त्याच धातूचे!) आणि स्वयंसेवकांच्या हाती शस्त्रे आली. गावे लुटली गेली. ज्या प्रजेची संमती घ्यायची, तिला कोणी विचारलेच नाही. रझाकारांवर टीका करणारे मुसलमान संपादक शोएबुल्ला खान यांचाही ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराच्या साहाय्यक दलास पुन्हा हेच नाव मिळाले. बंगालीत आज त्याचा अर्थ देशद्रोही असा होतो.