ओळख न सांगणारा माऊस

सरकारी दप्तरात 'नोंद आढळत नाही' हा शेरा पुढच्या टेबलावर पोहोचेपर्यंत 'अस्तित्वात नाही' असा होतो. संगणकाच्या इतिहासातही याच जातीचे एक प्रकरण आहे. १९९० च्या दशकात ज्यांनी लिनक्स किंवा फ्रीबीएसडी बसवून पाहिले, त्यांना ते स्मरत असेल. विंडोजवर बिनतक्रार चालणारा सिरियल माऊस येथे जणू नसल्यासारखाच असे. एक तर बाण पडद्याच्या मध्यभागी खिळून राही, नाही तर माऊस उघडता येत नाही असे कळवून एक्सफ्री८६ सुरू होण्यासच नकार देई.

याचे मूळ १९६० पर्यंत मागे जाते. त्या वर्षी अमेरिकेत आरएस-२३२ हे मानक ठरले, ते टर्मिनल व मोडेम यांना जोडण्यासाठी. माऊस तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नव्हता. डग्लस एंगेलबार्ट यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक सॅन फ्रान्सिस्को येथे दाखविले ते ९ डिसेंबर १९६८ रोजी. मानकाने तारा आणि त्यांवरील संकेत ठरविले. पलीकडच्या टोकाला कोण आहे, हे विचारण्याची सोय मात्र त्यात नव्हती. उपकरणाला वीज पुरविणारी तारही नव्हती. पुढे १९८० च्या दशकात माऊस बनविणाऱ्यांनी हिकमत लढवली आणि मोडेमसाठी राखलेल्या नियंत्रण-तारांवरूनच जेमतेम पुरेल एवढी वीज उचलली.

भाषेचा घोळ निराळाच. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत सेकंदाला १२०० बिटांच्या वेगाने, सात-सात बिटांच्या तीन अक्षरांत हालचाल कळविली जाई. माऊस सिस्टिम्सच्या पद्धतीत वेग तोच, परंतु आठ बिटांची पाच अक्षरे आणि तिसरे बटण. स्वस्त तीन-बटणी माऊसांच्या पोटाखाली या दोहोंतून एक निवडणारी इवलीशी कळ असे. चुकीची भाषा गृहीत धरली की बाण कोपऱ्याकडे उड्या मारी, किंवा कोणी बटण न दाबताही खिडक्या उघडत.

डॉसवर माऊससोबत आलेल्या फ्लॉपीतील चालक-प्रोग्राम हा शोध स्वतः घेई. युनिक्सची शिस्त वेगळी. तेथे प्रत्येक उपकरण ही एक फाईल, आणि कोणती फाईल कोणाची हे मालकाने लेखी सांगायचे. डॉसचे 'कॉम १' लिनक्सवर 'टीटीवाय-एस-शून्य' होई. एक्सफ्री८६ च्या विन्यास-फाईलमध्ये पोर्ट व भाषा दोन्ही लिहावी लागत. व्यवस्था तर्कशुद्ध होती. अर्जदाराला नमुना कोणता भरायचा हे कळण्याची सोय तेवढी नव्हती.

जाणकारांची तपासणीची रीत मला आजही आदर्श चौकशीसारखी वाटते. प्रथम सुरुवातीच्या संदेशांत पोर्टची नोंद झाली आहे का, हे पाहायचे. नसेल तर ते बायोसमध्येच बंद असण्याचा संभव. मग 'कॅट' या आज्ञेने पोर्टवर येणारा मजकूर सरळ पडद्यावर सोडायचा आणि माऊस हलवायचा. वेडीवाकडी अक्षरे उमटली की तार, वीज आणि पोर्ट निर्दोष ठरत, आणि दोष बहुधा लेखी निवेदनात किंवा परवानगीत उरे. काहीच उमटले नाही तर दुसरे पोर्ट. कधी 'जीपीएम' हा मजकूर-पडद्याचा माऊस-सेवक पोर्ट आधीच धरून बसलेला असे, आणि दोन ग्राहक एकाच नळावर भांडत. पहिल्या व तिसऱ्या पोर्टला व्यत्यय-क्रमांक चारच सामाईक असल्याने तिसऱ्यावरील अंतर्गत मोडेमने फोन लावताच पहिल्यावरचा माऊस गोठणे, हाही त्या काळचा ठरलेला अनुभव.

एका कार्यालयाच्या निर्लेखन समितीवर असताना माझ्यासमोर 'निकामी' अशी चिठ्ठी लावलेले माऊस आले होते. त्यांतील काही पोटाखालची कळ सरकवताच चालू लागले. रक्कम किरकोळ, पण धारिकेवर लिहिलेले कारण खोटे होते, आणि त्याच कारणावर नव्या खरेदीची मागणी मंजूर झालेली होती. अर्थशास्त्रात याला माहितीचा अभाव म्हणतात. लेखापरीक्षणात त्यासाठी रकाना नाही.

उपाय दोन बाजूंनी आला. आयबीएमने १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर माऊसला स्वतंत्र खोबण दिली. १९९० च्या दशकात सिरियल माऊसही वीज मिळताच नुसत्या 'एम' अक्षरापुढे आपली ओळख जोडून पाठवू लागले. १९९६ साली यूएसबीचे पहिले मानक आले, त्यात तर जोडताच आपला वर्ग आणि निर्माता सांगणे उपकरणावर बंधनकारक झाले.

जुना सिरियल माऊस आजच्या लिनक्सला जोडायचा असेल, तर अजूनही 'इनपुट-अटॅच' नावाच्या छोट्या प्रोग्रामला पोर्ट व भाषा हाताने सांगावी लागते. ती बरोबर सांगितली, की तीस वर्षांपूर्वीचा माऊसही निमूटपणे चालू लागतो.