रावळगावच्या गोळीपासून दुर्मीळ शर्करांपर्यंत : साखरेला पर्याय शोधण्याचा इतिहास

१/ नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव वसले आहे. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी हे नाव नकाशावर पाहण्याआधी गोळीच्या कागदावर वाचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पान पसंद', 'मँगो मूड' यांसारख्या गोळ्यांची बोधचिन्हे रिलायन्स समूहातील कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतली, तेव्हा अनेकांच्या आठवणी जाग्या झाल्या. या गोळीच्या घडणीत एक फारसा न सांगितलेला इतिहास दडलेला आहे : उसाखेरीज गोडवा निर्माण करण्याचा इतिहास.

२/ आरंभ अर्थातच उसापासून. सोलापूरला १८८२ साली जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९२३ मध्ये रावळगाव येथे सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. जमीन खडकाळ होती. तेथे एकसंध, यांत्रिक शेती उभी करावी आणि तिला जोडून कारखाना काढावा, ही कल्पना त्या काळात धाडसाचीच होती. त्या वेळी हिंदुस्थानच्या बाजारात जावा बेटावरील साखरेचे वर्चस्व होते.

३/ १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने परदेशी साखरेवर जबर आयातकर बसला आणि चित्र पालटले. देशात जेमतेम तीसएक आधुनिक कारखाने होते. पाच वर्षांत ती संख्या १३० च्या पुढे गेली. रावळगावचा कारखाना १९३३ चा, म्हणजे याच लाटेतला. १९४२ पासून तेथे गोळ्या तयार होऊ लागल्या. कच्ची साखर विकण्यापेक्षा तिचे रूपांतर करून विकण्यात अधिक मोल आहे, हे सूत्र येथे प्रत्यक्षात आले.

४/ पण निव्वळ साखरेची काचेसारखी पारदर्शक गोळी टिकत नाही. साखरेचा घट्ट पाक निवला की स्फटिक धरू लागतो. गुढीपाडव्याच्या गाठी आणि खडीसाखर याच गुणावर उभ्या आहेत. गोळीला मात्र हा गुण मारक ठरतो, ती रवाळ होऊन भुसभुशीत पडते. म्हणून गोळीच्या पाकात द्रवरूप ग्लुकोज मिसळतात. हे ग्लुकोज उसाचे नसते. ते येते पिष्टापासून, म्हणजे मका, बटाटा किंवा साबुकंद यांच्या स्टार्चपासून.

५/ घरोघरच्या सुगरणींना यातला निम्मा भाग ठाऊकच असतो. पाक आळू नये म्हणून त्यात लिंबू पिळतात. साखर म्हणजे सुक्रोज. तिच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन शर्करा जोडलेल्या असतात. आम्लामुळे ती जोडणी काही प्रमाणात सुटते आणि मिश्र शर्करांना एकसारखा स्फटिक बांधता येत नाही. साखर कारखानदारीतील 'इन्व्हर्ट' पाक तो हाच.

६/ पिष्टापासून साखर करण्याची युक्ती युद्धाने शिकवली. नेपोलियनच्या काळात युरोपात व्यापारबंदी होती आणि उसाची साखर दुर्मीळ झाली होती. १८११ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे किर्चहॉफ या रसायनशास्त्रज्ञाने स्टार्च सौम्य गंधकाम्लात उकळले आणि त्याला गोड पाक मिळाला. पिष्ट म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब साखळी. आम्लाने ती तुटली होती. मात्र आम्ल अंदाधुंद तोडते; पाकाला रंग येतो, कडवट अंश उतरतात.

७/ निसर्ग हेच काम हळुवारपणे करतो. नाचणीला मोड आणून, वाळवून केलेले सत्त्व चवीला किंचित गोड लागते. मोड फुटताना धान्यातील एन्झाइम, म्हणजे विकर, पिष्टाची साखळी तोडू लागतात. १८३३ मध्ये पायें आणि पेर्सो या फ्रेंच संशोधकांनी मोड आलेल्या सातूपासून हा घटक वेगळा केला आणि त्याला 'डायास्टेज' असे नाव दिले. वेगळे काढलेले हे पहिले एन्झाइम मानले जाते.

८/ पुढची पायरी जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी गाठली. सोया सॉस आणि साके यांसाठी वापरली जाणारी कोजी बुरशी वाढवून तिच्यातून पिष्ट तोडणारे एन्झाइम काढण्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १८९४ मध्ये मिळाले. धान्याचे मोड मागे पडले. सूक्ष्मजीव हाच एन्झाइमचा कारखाना ठरला. १९६० च्या दशकापर्यंत पिष्टापासून ग्लुकोज करण्याच्या कामी आम्लाची जागा एन्झाइमने घेण्यास सुरुवात केली.

९/ तरी एक अडचण उरली. ग्लुकोज साखरेइतके गोड नाही; त्याची गोडी साखरेच्या सुमारे ७० टक्के. फ्रुक्टोज मात्र साखरेहून गोड. दोघांतील अणू तेच, रचना वेगळी. ही रचना बदलणारे एन्झाइम मिळाले तर मक्याची साखर उसाच्या साखरेशी स्पर्धा करू शकणार होती. १९५७ मध्ये मार्शल आणि कुई या अमेरिकी संशोधकांनी एका जिवाणूत असे एन्झाइम असल्याचे प्रसिद्ध केले. त्याचे प्रचलित नाव ग्लुकोज आयसोमरेज.

१०/ जपानच्या ताकासाकी यांनी स्ट्रेप्टोमायसिस कुळातील जिवाणूंपासून उष्णता सोसणारे आयसोमरेज मिळवले. १९६७ मध्ये अमेरिकेतील क्लिंटन कंपनीने त्यावर उत्पादन सुरू केले. पुढे एन्झाइम घन कणांवर पक्के बसवण्याची रीत आली. सुमारे ६० अंश सेल्सिअसला ग्लुकोजचा पाक त्या कणांच्या थरातून वाहतो, पाक बदलतो आणि एन्झाइम जागेवरच राहून पुन्हा वापरता येते. ४२ टक्के फ्रुक्टोज असलेला पाक असा तयार होतो; वेगळे केलेले फ्रुक्टोज मिसळून तो ५५ टक्क्यांवर नेतात.

११/ १९७४ मध्ये जगभर साखरेचे भाव भडकले आणि या पाकाला वाट मोकळी झाली. १९८४ मध्ये कोका-कोला आणि पेप्सी या दोन्ही कंपन्यांनी अमेरिकेतील आपल्या पेयांत साखरेऐवजी मक्याचा पाक पूर्णपणे वापरण्याची मुभा दिली. अमेरिकेची साखर आयात आक्रसली. त्याच सुमारास जागतिक भावही कोसळले. फिलिपीन्समधील नेग्रोस बेटावर उसाखेरीज दुसरे पीक फारसे नव्हते. तेथील मजुरांवर १९८० च्या दशकाच्या मध्यास उपासमारीची पाळी आली. देशांतर्गत मक्तेदारीचा कारभार त्यास मोठ्या प्रमाणात कारणीभूत होता, पण गमावलेली बाजारपेठ परत मिळाली नाही.

१२/ हे एन्झाइम महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. १९५० मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिसच्या एका वाणापासून मिळणाऱ्या ग्लुकोज आयसोमरेजवर दीर्घकाळ संशोधन झाले. स्नेहलता भोसले, माला राव आणि वासंती देशपांडे यांनी १९९६ मध्ये 'मायक्रोबायॉलॉजिकल रिव्ह्यूज' या नियतकालिकात लिहिलेला या एन्झाइमवरील विस्तृत आढावा जगभरच्या अभ्यासकांनी संदर्भासाठी वापरला. तीन मराठी नावांच्या स्त्रियांचे हे काम उसाच्या मुलखाबाहेर अधिक वाचले गेले.

१३/ ज्ञान हाती असूनही भारतात मक्याच्या गोड पाकाची लाट आली नाही. कारणे व्यवहाराची होती. अमेरिकेत मका मुबलक आणि स्वस्त, साखर आयातनिर्बंधांमुळे महाग. भारतात नेमके उलट : साखर भरपूर, मक्याचे एकरी उत्पादन कमी आणि कुक्कुटपालनाची मक्याला सतत मागणी. शिवाय १९५० नंतर प्रवरानगरपासून उभी राहिलेली सहकारी कारखानदारी हा ग्रामीण महाराष्ट्राच्या अर्थकारणाचा आणि राजकारणाचाही कणा होता. ऊस उत्पादकाचे नेग्रोस झाले नाही, त्यामागे हेही एक कारण होते.

१४/ तरीही पर्यायी धागा तुटला नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात दोंडाईचा येथील युनिव्हर्सल स्टार्च कंपनी मक्यापासून स्टार्च आणि द्रवरूप ग्लुकोज बनवते. नाशिक जिल्ह्यातील येवला, मालेगाव, चांदवड या तालुक्यांत मका हे खरिपाचे मोठे पीक झाले आहे. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत ॲडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज या ठाण्याच्या कंपनीचा कारखाना आहे. म्हणजे पिष्ट आणि एन्झाइम, दोन्ही एकाच परिसरात उपलब्ध आहेत.

१५/ दुसरी वाट अतिगोड पदार्थांची. १८७९ मध्ये अमेरिकेत फालबर्ग यांना सॅकरिनची गोडी अपघाताने कळली. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ महाविद्यालयात प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे तरुण भारतीय संशोधक क्लोरीनयुक्त साखरेवर काम करत होते. 'टेस्ट' करा, हा निरोप त्यांनी 'टेस्ट', म्हणजे चव घ्या, असा ऐकला, अशी कथा प्रसिद्ध आहे. तो पदार्थ म्हणजे सुक्रालोज : साखरेपासूनच बनलेला आणि तिच्याहून सुमारे ६०० पट गोड.

१६/ तिसरी वाट वनस्पतीची. पॅराग्वेतील ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या स्टीव्हियाची गोड पाने वापरत आले. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये स्टीव्हियाच्या गोड घटकांना परवानगी दिली. पानातील सर्वांत चांगल्या चवीचे घटक अत्यल्प असतात. म्हणून परदेशात आता वनस्पतीची जनुके यीस्टमध्ये घालून, टाकीत किण्वनाने तेच घटक तयार केले जातात. शेतातले पान तेथे लागतच नाही. स्टीव्हिया लावू पाहणाऱ्या शेतकऱ्याने ही बाब ध्यानात ठेवलेली बरी.

१७/ उसाच्या मुलखासाठी सर्वांत महत्त्वाची वाट चौथी आहे. तिच्यात उसाची साखर हाच कच्चा माल असतो. एका जिवाणूच्या एन्झाइमने सुक्रोजमधील जोडणीची जागा बदलली की आयसोमाल्टुलोज मिळते. ते निम्मेच गोड, पण सावकाश पचते, त्यामुळे रक्तातील ग्लुकोज एकदम उसळत नाही. दुसऱ्या एका बुरशीजन्य एन्झाइमने सुक्रोजला फ्रुक्टोजचे आणखी दुवे जोडले की फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड तयार होतात. लहान आतड्यात ती पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील उपकारक जिवाणूंचे ती खाद्य बनतात. दोन्ही पदार्थ १९८० च्या दशकात जपानच्या बाजारात आले.

१८/ याच मालिकेतील नवे नाव ॲल्युलोज. निसर्गात ती अगदी थोडी सापडते. जपानच्या कागावा विद्यापीठातील केन इझुमोरी यांना १९९० च्या दशकाच्या आरंभी मातीतील जिवाणूंमधून असे एन्झाइम मिळाले, की जे फ्रुक्टोजचे रूपांतर या दुर्मीळ शर्करेत करते. तिची गोडी साखरेच्या सुमारे ७० टक्के, उष्मांक मात्र नगण्य. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेष्टनावरील 'वाढीव साखर' या गणनेतून तिला वगळण्यास मान्यता दिली.

१९/ महाराष्ट्रातील कारखान्यांनी याकडे का पाहावे? उसाची रास्त व किफायतशीर किंमत वेळोवेळी वाढत गेली. २०२४-२५ साठी ती क्विंटलला ३४० रुपये होती. साखरेची किमान विक्री किंमत मात्र २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवर थांबलेली होती. इथेनॉलचा आधार होता, पण डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने अचानक निर्बंध आणले. निफाड, नाशिक, गिरणा असे जिल्ह्यातील सहकारी कारखाने आर्थिक अडचणीत सापडले, ते याच अरुंद गणितात. एकाच पदार्थावर आणि एकाच खरेदीदारावर विसंबणे किती जोखमीचे, हे उत्पादकांनी सोसून पाहिले आहे.

२०/ अर्थात नवी शर्करा म्हणजे संजीवनी नव्हे. २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या अभ्यासात देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे दिसले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी सॅकरिन, सुक्रालोज, स्टीव्हिया यांसारखे पर्याय वापरू नयेत, असा सल्ला दिला. कमी उष्मांकाच्या शर्करा त्या सल्ल्याच्या कक्षेत नव्हत्या. त्यांचा दीर्घकालीन परिणाम स्वतंत्रपणे तपासावा लागतो. गोडी कमी करण्याला तूर्त तरी पर्याय नाही.

२१/ १८११ पासूनचा हा प्रवास पाहिला तर एक गोष्ट वारंवार दिसते. पर्यायी गोडवा प्रयोगशाळेत आधी जन्मतो. तो बाजारात कधी यावा, हे युद्ध, आयातकर आणि पिकाचे भाव ठरवतात. त्याची किंमत कोण मोजणार, हे शेतकऱ्याच्या हाती काय उरते यावर अवलंबून असते. नेग्रोसमध्ये एन्झाइम उसाच्या विरोधात उभे राहिले. आयसोमाल्टुलोज आणि फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडच्या बाबतीत तेच एन्झाइमशास्त्र उसाच्या बाजूने उभे राहू शकते. पुण्यात या शास्त्राचे अभ्यासक आहेत, मांजरीला १९७५ पासून साखर संशोधनाची स्वतंत्र संस्था आहे, सिन्नरला एन्झाइमचा कारखाना आहे आणि कादवेकाठी अजून गाळप चालते. वालचंदांनी रावळगावात साखरेची गोळी केली, तेव्हा यांपैकी एकही गोष्ट त्यांच्या हाताशी नव्हती.

(समाप्त)