एका केबलवर दोन पॉइंट

तर झालं असं की, काही महिन्यांपूर्वी आमची टीम एका जुन्या इमारतीतल्या मजल्यावर हलली. जागा छान आहे. खिडकीतून झाडं दिसतात, चहाची टपरी खालीच. आधीच्या भाडेकरूने नेटवर्कचं केबलिंग तसंच सोडलेलं, त्यामुळे ॲडमिनवाले खूश. खर्च वाचला ना! पण पहिल्याच आठवड्यात माझ्या मशीनचा बॅकअप रात्रभर चालायला लागला. बघतो तर नेटवर्कचा वेग १००० ऐवजी १००. ड्रायव्हर बदलला, पॅच कॉर्ड बदलली, स्विचवरचा पोर्ट बदलला, मग स्विचला शिव्या घातल्या. ढिम्म!

शेवटी एका शनिवारी केबलिंगवाले काका आले. पन्नाशीचे असतील. खांद्याला बॅग, कानामागे मार्कर. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीवरची फेसप्लेट उघडली, आत डोकावले आणि म्हणाले, "साहेब, एका केबलवर दोन पॉइंट काढलेत."

म्हणजे काय, तर नेटवर्क केबलच्या आत आठ तारा असतात, पीळ दिलेल्या चार जोड्या. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. कोणीतरी त्यातली नारिंगी-हिरवी मला दिली होती आणि निळी-तपकिरी शेजारच्या टेबलाला. एका केबलचे पैसे वाचवले. गंमत म्हणजे ज्याने हे केलं त्याच्या काळात ते चालतही होतं. त्या दिवशी काकांचं काम बघत बसलो आणि घरी येऊन वाचत बसलो. मग लक्षात आलं की ही दोन नव्हे चार जोड्यांची भानगड म्हणजे इमारतीतल्या वायरिंगचा अख्खा इतिहासच आहे.

सुरुवात करू इथरनेटपासून. २२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफने एक टिपण लिहिलं. कल्पना अशी की इमारतीतून एकच जाड केबल न्यायची आणि सगळ्या मशीन्स तिलाच जोडायच्या. मध्ये कोणी मुकादम नाही. ज्याला बोलायचंय त्याने केबल रिकामी आहे का बघायचं आणि बोलायचं. दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. टेलिफोनच्या जगात सगळं एक्स्चेंजमधून जायचं, इथे एक्स्चेंजच नाही. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ते चालवूनही दाखवलं.

१९८३ साली आयईईईने याचं प्रमाणक मंजूर केलं, तेव्हाची केबल साधारण एक सेंटीमीटर जाड आणि बहुतेकदा पिवळी. पाचशे मीटरपर्यंत सलग न्यायची. तिच्यावर दर अडीच मीटरला खूण, आणि मशीन जोडायचं ते त्या खुणेवरच. जोडायचं कसं? केबलला भोक पाडून आतल्या तांब्यापर्यंत खिळा घुसवायचा. त्या जोडणीला नावच 'व्हँपायर टॅप'! मग आली बारीक, स्वस्त कोॲक्स केबल. १८५ मीटर, जास्तीत जास्त तीस मशीन्स, प्रत्येकामागे टी आकाराचा कनेक्टर आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटर.

आमच्या सीनियर लोकांना विचारा, ते या बारीक केबलबद्दल अजून हळहळून बोलतात. एका टेबलाखाली कोणाचा पाय लागून कनेक्टर सुटला, की सगळी रांग बंद. मग प्रत्येक टेबलाखाली रांगत जाऊन शोधायचं. म्हणजे ज्या रचनेत मुकादम नाही, त्या रचनेत दोषी कोण हे सांगणाराही कोणी नाही. दिवाळीच्या माळेतला एक दिवा गेल्यावर काय होतं ते आपण सगळ्यांनीच अनुभवलंय.

यावरचा उपाय भिंतीत आधीच होता. टेलिफोनची वायर!

अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये प्रत्येक टेबलावर फोन होता आणि प्रत्येक फोनची वायर मजल्यावरच्या एका छोट्या खोलीत जाऊन पोचत होती. म्हणजे चांदणीसारखी रचना आयतीच तयार. वायरही साधीसुधी नव्हती. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देण्याची युक्ती खुद्द अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची, १८८१ सालच्या पेटंटमधली. युक्ती सोपी आहे. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. टोकाला आपण दोन्ही तारांमधला फरक तेवढा वाचतो, त्यामुळे गोंगाट वजा होतो. एका केबलमध्ये चार जोड्या असतील तर चौघींचा पीळ वेगवेगळ्या मापाचा ठेवतात, म्हणजे त्या एकमेकींचं बोलणं ऐकत नाहीत. आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. इथे उलटं आहे. पीळ गेला तर सुंभ शाबूत असूनही उपयोग नाही. म्हणूनच कनेक्टरपाशी जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये असा नियम आहे. (मी आजवर क्रिंप केलेल्या पॅच कॉर्ड्स आठवून थोडा खजील झालो.)

१९८५ साली झेरॉक्स पार्कमधूनच बाहेर पडलेल्या लोकांनी सिनऑप्टिक्स नावाची कंपनी काढली आणि फोनच्या वायरींवर इथरनेट चालवायला घेतलं. एटी अँड टीचं एक मेगाबिटचं स्टारलॅन १९८६ मध्ये प्रमाणित झालं. आणि १९९० मध्ये आलं टेन-बेस-टी, म्हणजे पीळदार जोड्यांवर १० मेगाबिट, शंभर मीटरपर्यंत. आता प्रत्येक टेबलाची स्वतंत्र केबल, सगळ्या एका खोलीतल्या हबला जोडलेल्या. वायर कितीतरी जास्त लागते, पण एक तुटली तर एकच माणूस ओरडतो. एक्स्चेंज नको म्हणून जन्माला आलेलं इथरनेट सतरा वर्षांनी मुकाट्याने टेलिफोनच्या खोलीत जाऊन बसलं.

पण मग प्रश्न आला, ही वायर कोणाची?

तोपर्यंत उत्तर सोपं होतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी फोन, वायर, खोली, सगळं बेल सिस्टिमचं, म्हणजे एटी अँड टीचं. तिचाच माणूस यायचा, तिच्याच पद्धतीने बांधायचा. मग सरकारने लावलेला मक्तेदारीचा खटला १९८२ साली तडजोडीने मिटला आणि १ जानेवारी १९८४ला ही अवाढव्य कंपनी फुटली. स्थानिक फोनचा धंदा सात वेगळ्या कंपन्यांकडे गेला आणि त्याच दशकात इमारतीच्या आतली वायर ही इमारतीच्या मालकाची जबाबदारी झाली. मालकाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वर प्रत्येक कॉम्प्युटर कंपनीची केबल वेगळी. आयबीएमने १९८४ साली स्वतःची जाडजूड शील्डवाली केबल आणली, इतरांचं काहीतरी तिसरंच. कॉम्प्युटर बदलला की भिंत फोडा.

कंटाळून १९८५ मध्ये कॉम्प्युटर आणि कम्युनिकेशन कंपन्यांच्या संघटनेने इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनला, म्हणजे ईआयएला, सांगितलं की इमारतीच्या वायरिंगचं एक प्रमाणक बनवा. ते जुलै १९९१ मध्ये आलं, नाव ईआयए/टीआयए-५६८. मला विचाराल तर आपल्या धंद्यातल्या सर्वांत दूरदर्शी कागदांपैकी हा एक. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इमारत बांधताना तिथे कोण येणार, कुठलं मशीन लावणार हे माहीत नसतं, तरी वायर आत्ताच घालायची आहे. म्हणून वायर कुठल्याच कंपनीसाठी घालू नका, इमारतीसाठी घाला. भिंतीतली पक्की केबल जास्तीत जास्त ९० मीटर, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड्सना मिळून १० मीटर. आणि बिनशील्डची पीळदार केबल घालाल तिथे जोड्या चार.

टेन-बेस-टीला लागत होत्या फक्त दोन. १९९५ मध्ये आलेलं १०० मेगाबिटचं जे इथरनेट पुढे सगळीकडे रुजलं, त्यालाही दोनच. निळी जोडी कनेक्टरच्या बरोब्बर मधल्या दोन पिनांवर, कारण फोनची जोडी तिथेच असते. तपकिरी जोडी तर नुसती बसून. मग कुठल्याही काटकसरी माणसाला वाटणारच, दोन जोड्या फुकट कशाला घालवा? एका केबलवर दोन पॉइंट काढा. चाललं की! वर्षानुवर्षं चाललं.

आणि १९९९ मध्ये गिगाबिट इथरनेट पीळदार तारांवर आलं. त्याला चारही जोड्या लागतात, चारही एकाच वेळी दोन्ही दिशांनी. ज्यांनी प्रमाणकाप्रमाणे चार जोड्या नीट पंच केल्या होत्या, त्यांनी रॅकमधला स्विच आणि मशीनमधलं कार्ड बदललं आणि भिंतीला फारसा हात न लावता दहापट वेग मिळवला. ज्यांनी काटकसर केली होती, ते तिथेच राहिले. किंवा पुढच्या भाडेकरूला तिथे ठेवून गेले, म्हणजे आम्हाला. आमचं कार्ड शहाणं, चार जोड्या मिळत नाहीत म्हटल्यावर भांडत न बसता निमूट १०० वर उतरलं.

आता नीटनेटकेपणाबद्दल. इंटरनेटवर केबल विंचरून सरळ केलेल्या रॅक्सचे फोटो आपण बघतोच. (मी तर वॉलपेपर ठेवला होता!) हे वेडही जुनंच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेणाच्या दोऱ्याने तारांचे जुडगे शिवल्यासारखे बांधत. विमानांच्या कारखान्यातही तेच. १९५६ मध्ये थॉमस अँड बेट्स कंपनीचा मॉरस लोगन बोइंगच्या कारखान्यात गेला, तिथे मेणाच्या दोऱ्याने गाठी मारताना कामगारांची बोटं कापताना पाहिली, आणि १९५८ मध्ये त्याने केबल टाय आणला. तोच, जो आपण आज कशालाही लावतो. पण नेटवर्क केबलला तो करकचून आवळला तर आतल्या जोड्यांची रचना चेपते आणि वेग मार खातो. त्यामुळे आता चांगले लोक वेल्क्रो वापरतात आणि तोही सैलसर.

आणखी एक गंमत. २००६ मध्ये १० गिगाबिट तांब्यावर आलं, तेव्हा कळलं की केबली अगदी सरळ, समांतर आणि घट्ट बांधल्या तर त्या एकमेकींत जास्त कुजबुजतात. म्हणजे फोटोत देखणा दिसणारा जुडगा थोड्याशा सैल जुडग्यापेक्षा वाईट वागू शकतो. शिवाय आता कॅमेरे, वायफाय सगळे त्याच तारेवरून वीज घेतात, मोठ्या जुडग्याच्या पोटातल्या केबली तापतात. नीटपणा म्हणजे विंचरलेले केस नव्हेत, हे मला नवीन होतं.

मग नीटपणा म्हणजे काय? याचं उत्तर न्यूयॉर्कने फार महागात शोधलं. १३ फेब्रुवारी १९७५च्या रात्री वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर आग लागली. टेलिफोनच्या केबली वरखाली नेण्यासाठी मजल्यांच्या स्लॅबमध्ये भोकं होती आणि ती बुजवलेली नव्हती. त्या भोकांतून, केबलींच्या आवरणाला धरून, आग इतर मजल्यांवर पसरली. बरोबर दोन आठवड्यांनी, २७ फेब्रुवारीला, त्याच शहरात सेकंड ॲव्हेन्यूवरच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या केबल व्हॉल्टमध्ये आग लागली. १ लाख ७० हजारांच्या आसपास फोन तीन आठवडे बंद. जळत्या पीव्हीसीच्या धुरात शिरलेल्या जवानांची तब्येत हा तिथे कित्येक वर्षं चर्चेचा विषय राहिला. भोक पाडून केबल नेली की भोक बुजवायचं, एवढीशी गोष्ट! पुढे २००२ साली अमेरिकेच्या विद्युत संहितेने आणखी एक नियम आणला: सीलिंगमध्ये सोडून दिलेल्या, पुढच्या वापरासाठी खूण न केलेल्या केबली हाताला लागत असतील तर काढून टाका. कारण वापरात नसली तरी केबल जळते.

आमच्या फॉल्स सीलिंगमध्ये काय होतं सांगू? काकांनी दोन टाइल सरकवल्या आणि अंगावर केबलींचं जाळंच आलं. निम्म्या कुठेच जात नव्हत्या. एकीलाही टॅग नाही. कुठली जिवंत, कुठली मेलेली, हे कळायला त्यांना टोनर लावून एकेक तपासावी लागली. पूर्ण दिवस गेला. आधीच्या माणसाचे टॅग असते तर तासाभराचं काम होतं.

आपण सॉफ्टवेअरवाले दोन वर्षांच्या कोडला 'लेगसी' म्हणून नाकं मुरडतो. भिंतीतल्या केबलीला ती चैन नाही. २०१६ मध्ये इथरनेटचे अडीच आणि पाच गिगाबिटचे दोन वेग मुद्दाम बनवले गेले, कशासाठी? जगभरच्या इमारतींमध्ये आधीच घातलेली कॅट-५ई आणि कॅट-६ केबल कोणी उपटणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं म्हणून. मशीन्स बदलली, कंपन्या आल्या-गेल्या, आणि शेवटी प्रमाणक बनवणारेच भिंतीसमोर नमले. ज्याने वीस वर्षांपूर्वी आठही तारा नीट पंच केल्या, त्याचं नाव कोणाला माहीत नाही. पण आजचा वेग त्याच्यावर उभा आहे.

संध्याकाळी सातला माझ्या मशीनवर १००० दिसलं. मी उड्या मारल्या. काका मात्र अजून रॅकपाशीच होते, प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबर लावत. मग त्यांनी सगळ्या पॉइंट्सची यादी एका कागदावर लिहिली आणि रॅकच्या दाराला आतून चिकटवली. मी म्हटलं, "काका, एक्सेल करून मेल केलीत तरी चालेल." ते म्हणाले, "मेल तुमच्याबरोबर जाईल साहेब. नंतर येईल त्याला हा कागद लागेल."

असो. बॅकअप आता वीस मिनिटांत होतो. काल एक फंक्शन लिहून झाल्यावर मी बऱ्याच दिवसांनी त्याच्यावर नीट कॉमेंट लिहिली. :)