कवेलू गेले, टिन आलं

आपल्याकडं घराबद्दल पहिला प्रश्न एकच असतो. कच्चं की पक्कं? सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे तेच पाहतात, घरकुलाची यादी करणाराही तेच लिहून नेतो. जनगणनेच्या हिशेबात भिंत आणि छप्पर दोन्ही पक्क्या साहित्याचं असेल तर घर पक्कं. त्या साहित्यात विटा, दगड, काँक्रीट आहे, टिनाचे पत्रेही आहेत. मातीची भिंत मात्र नाही. म्हणजे चारही बाजूंनी टिन ठोकलेली खोली कागदावर पक्की, आणि दोन फूट जाड मातीच्या भिंतीचं, सागाच्या खांबांवर तीन पिढ्या नांदलेलं घर कच्चं.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना भर दुपारी दोन्ही घरांत दहा-दहा मिनिटं बसून पाहा. कोणतं पक्कं ते अंगच सांगते.

वीस वर्षं झाली या दोन जिल्ह्यांत बातमीदारी करतोय. आमच्या उन्हाळ्याच्या बातम्या ठरलेल्या. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा, जंगलातला वणवा, कूलरचा शॉक लागून मृत्यू, तणसाच्या ढिगाला आग. चार बातम्या चार वेगळ्या कॉलमात जातात. पण या चौघींची गाठ आपल्या घराच्या छपरापाशी पडते, असं मला वाटू लागलं आहे. ते समजायला जरा मागं जावं लागेल. पोस्ट लांब आहे, दम धरा.

झाडीपट्टीतलं जुनं घर आठवा. भिंत मातीची, नाहीतर कुडाची. कूड म्हणजे बांबू-काड्यांचा विणलेला सांगाडा आणि त्याला दोन्हीकडून शेणमातीचा लेप. इथं पाऊस १३०० मिलिमीटरच्या वर, म्हणून पश्चिम विदर्भातलं धाब्याचं सपाट छत आपल्याकडं चालत नाही. छप्पर उतरतंच पाहिजे. ते भिंतीच्या बाहेर हात-दीड हात आलेलं, त्यामुळं पावसाचं पाणी आणि दुपारचं ऊन दोन्ही भिंतीपासून दूर. पुढं छपरी, मागं वाडी. वर कुंभाराच्या भट्टीतले अर्धगोल देशी कवेलू, एकावर एक चढवलेले. दोन कवेलूंच्या मधल्या फटीतून आतली गरम हवा वर निघून जायची. आणि ज्याला जमलं त्याच्या घरात कवेलूच्या खाली माळा असायचा: बांबूचे तट्टे आणि त्यावर बोट-दोन बोटं मातीचा थर.

हा मातीचा माळा मला या सगळ्यातला सर्वात हुशार भाग वाटतो. आज बाजारात 'इन्सुलेशन' म्हणून जे विकलं जातं ते काम तो करायचा. वरून तापलेलं छप्पर, मधात हवेची पोकळी, खाली माती. दुपारचं ऊन जाड मातीतून आत पोचेपर्यंत सांज होऊन जायची. मग भिंत रात्री ती ऊब सोडायची, तेव्हा माणसं खाटा आंगणात टाकून झोपलेली असायची. म्हणजे घराच्या हिशेबात आंगणही धरलेलं होतं.

दुसरं काम आगीचं. त्याआधीची घरं गवताने शाकारलेली. गवताचं छप्पर थंड, हलकं, फुकटातलं, पण चुलीची एक ठिणगी उडाली की एका घरावरून दुसऱ्या घरावर आग उड्या मारत जायची. भाजलेला कवेलू जळत नाही, माती जळत नाही. खालची ठिणगी वरच्या लाकडापर्यंत जाऊ नये आणि वरची खाली येऊ नये, हे काम माळा करायचा. जंगलाच्या काठावर राहणाऱ्या माणसाला उष्णता आणि आग ही दोन वेगळी संकटं नव्हती. त्यानं एकाच लेपात दोन्ही भागवली होती.

मग हे घर गेलं का?

मध्य प्रांताचं वनखातं १८६० च्या सुमारास उभं राहिलं. कर्नल पिअर्सन यांनी सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात १८६४ पासून वणवा रोखण्याचा प्रयोग केला आणि तो यशस्वी झाला. जाळरेषा आखायची, राखणदार ठेवायचे, आग लावणाऱ्याला दंड करायचा, ही पद्धत पुढं देशभर गेली. १८७८ चा आणि नंतर १९२७ चा वन कायदा आला. राखीव जंगलात आग लावणं गुन्हा झाला, आणि विनापरवाना लाकूड तोडणंही. १९२७ च्या कायद्यात बांबू हा 'झाड' ठरला. घर दुरुस्तीचे फाटे आणि बांबू आता निस्तारात, ठरल्या दरात, ठरल्या डेपोतून, साहेबाच्या सहीनं मिळू लागले.

१९४५ मध्ये बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली. सरकारनं लांब मुदतीच्या करारांवर गिरणीला बांबू दिला. ज्या जंगलाच्या बांबूवर घरं उभी होती त्याच जंगलाचा बांबू ट्रकात भरून गेला. मी गिरणीच्या विरोधात लिहीत नाही, या गिरणीनं हजारो चुली पेटवल्या. पण गावातल्या माणसानं बांबू तोडला तर गुन्हा आणि गिरणीनं तोडला तर उद्योग, हे अनेक वर्षं चाललं हे खरं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपज मानला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबू वाहतुकीच्या पासाचा अधिकार ग्रामसभेकडं दिला. तोपर्यंत टिन घराघरावर चढलं होतं.

सागाचं तर बोलायलाच नको. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी आपल्याकडचं सागवान वाजतगाजत गेलं. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच आलापल्लीच्या पट्ट्यात आज नवीन घराला सागाचा खांब बसवणारा माणूस मला शोधावा लागतो.

एकट्या वनखात्यावर ढकलून मोकळं होता येत नाही. कवेलूचं घर म्हणजे दरवर्षीचं काम. पाऊस लागायच्या आधी कवेलू फेरायचे, फुटलेले बदलायचे, सारवण, उधईशी भांडण. वरून साप पडायचे. कुंभाराच्या पुढच्या पिढीनं भट्टी सोडली. आणि माकडं! कुरखेडा भागात एका म्हातारीला मी विचारलं, "आजी, कवेलू कायले काढले?" ती म्हणाली, "बाबू, टिनाखाली जीव उकडते, मले का समजत नाई? पण माकडानं एक कवेलू साबूत ठेवलं नाई, अन् फेरून द्याले आता कोनी येत नाई. तं का करू?" तिच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

नालीदार पत्रा १८२९ मध्ये लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरनं काढला, तो गोदामांवर घालायला. तिथल्या थंडी-पावसात ठीक. आपल्याकडं तोच पत्रा मे महिन्यात तव्यासारखा तापतो आणि खालच्या माणसाला भाजतो. ज्यांनी स्लॅब टाकला त्यांचं दुःख वेगळं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. आंगण घरकुलात गेलं, म्हणून बाहेर झोपायची सोयही गेली. मग कूलर. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. कोळसा आपला, राख आपली, आणि त्याच्या विजेवर आपण आपलंच तापलेलं छप्पर थंड करत बसतो.

आता वणव्याकडं येतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. मार्चमध्ये मोहफूल वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, पुढं तेंदूला कोवळी पानं यावीत म्हणून आग लावतात, काही आगी नुसत्या बिडीच्या. आपली आग कॅलिफोर्नियासारखी शेंड्याशेंड्यानं धावत नाही, ती जमिनीवरून सरकते. गावात शिरते ती वाऱ्यावर उडालेल्या ठिणगीनं. अमेरिकेत जॅक कोहेन या वन-संशोधकानं दाखवून दिलं की वणव्यात बरीचशी घरं ज्वाळांच्या भिंतीनं जळत नाहीत. ठिणगी छपराच्या फटीत, कचऱ्यात, घरालगतच्या लाकडात पडते आणि घर तिथून पेटतं. कॅलिफोर्नियानं २००८ पासून धोक्याच्या भागातल्या नव्या घरांना तसे नियमच लावले.

हे वाचलं आणि मला आपली गावं आठवली. टिन सहन होत नाही म्हणून आपण त्यावर तणस पसरतो, हिरवी नेट बांधतो, खाली थर्माकोल चिकटवतो. मांडवावर वर्षभराचं तणस, शेजारी सरपण. टिन जळत नाही हा त्याचा एकच गुण, तोही आपण आपल्या हातानं घालवला. थर्माकोल पेटला की वितळून अंगावर पडतो आणि काळ्या धुरानं माणूस दाराकडं जाण्याआधीच गुदमरतो. मूलच्या राईस मिलवाल्यांनी, बारदान्याच्या गोदामवाल्यांनी आणि टिनाखाली चकाकणारा फोम लावून घेणाऱ्या दुकानदारांनी हे दोनदा वाचावं. फेब्रुवारी २०२१ मध्ये चिचपल्लीच्या बांबू प्रशिक्षण केंद्राची देखणी इमारत जळाली, मे २०२२ मध्ये बल्लारपूरजवळ कळमन्याला कागद गिरणीचा लाकूड डेपो जळाला. बांबू वाईट नाही. बांबूला आपल्या लोकांनी कधी उघडं ठेवलं नव्हतं, त्यावर मातीचा लेप होता.

आज हे लिहायचं कारण घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात १ लाख ३० हजार रुपये मूळ अनुदान ठरलं. कमीत कमी २५ चौरस मीटरचं घर, आणि ते ठेकेदाराकडून नाही तर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, असा नियम आहे. नियम चांगला आहे, पण गावोगावी एकच नकाशा फिरतो आणि जागा करायला जुनं घर आधी पाडलं जातं. वाडीत जागा असेल तर जुन्या घराची निदान एक खोली राहू द्या. म्हाताऱ्या माणसाला मे महिना काढायला तीच लागेल.

गोदावरीपलीकडं तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरण आणलं, सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते बंधनकारक केलं. सिरोंच्याच्या पुलावरून पलीकडं जाऊन पाहता येईल इतकं जवळ आहे ते. आपल्या दोन जिल्हा परिषदांनी शाळांच्या स्लॅबपासून तरी सुरुवात करावी. पांढऱ्या छपराखाली खोलीचं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं.

सरकारची वाट न पाहता होण्यासारखं बरंच आहे. टिनाखाली हातभर पोकळी सोडून बुरडाकडून तट्टे विणून घ्या, त्यावर शेणमाती थापा. पोकळीची दोन्ही तोंडं हवेसाठी उघडी ठेवा, पण बारीक जाळी लावून, म्हणजे ठिणगी आणि माकड दोन्ही बाहेर. तणस आणि सरपण घरापासून तीस फूट तरी लांब. दुकानात, मिलमध्ये थर लावायचाच तर रॉकवूल मागा, तो जळत नाही. आणि स्लॅबवर चुना मारायचा असेल तर मार्चमध्येच मारा. एप्रिलनंतर वर पाय ठेवणं होत नाही.

एक विनंती. देशी कवेलू अजून थापणारा कुंभार तुमच्या गावात असेल तर मला कळवा. मूल, सिंदेवाही आणि आरमोरीकडून तीन जणांनी मला विचारलं आहे, आणि माझ्याजवळ त्यांना द्यायला एकही पत्ता नाही.